ए-साडेतीन

दिवसभर मी दात रंगवतो.
मालवणात, बाजारामागच्या खोलीत,
डॉक्टरांकडून साचे येतात,
मी चिनीमातीचे दात भट्टीतून काढतो
आणि तीन केसांच्या कुंचल्याने त्यांना वय देतो:
कडेला चहा, मुळाशी किंचित हळद,
मधोमध केसाएवढी एक चीर.
काम चांगलं झालं
तर ते कुणाला दिसत नाही.
बावीस वर्षांत एकही माणूस म्हणाला नाही,
वा, काय दात केलायस.
हीच माझी कमाई.

म्हणून पत्रक वाचून गोंधळलो.
'मूर्ती दोन इंचांहून उंच नसावी.
रंगकाम उठून दिसावं.'
आता उठून कसं दिसायचं?

पांगाऱ्याचा तुकडा कोरला.
रापण ओढणारा माणूस,
दोर कमरेला, अंग मागे टाकलेलं,
टाचा वाळूत.
बावतीस पेंटर आला,
होड्यांवर नावं तोच लिहितो.
म्हणाला, "लाल मार.
दहा फुटांवरून बोंब मारली पाहिजे ह्याने.
दोनशे मूर्ती असतील, तुझ्या माणसाला कोण विचारतंय?"

मी लाल मुंडासं बांधलं.
मग पिवळी लुंगी.
मग वाळूत शंख, खेकडा, एक तारली,
तारलीला चांदी.
रात्री दिव्याखाली धरलं
तर सगळं दिसत होतं,
ओढणारा सोडून.

स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं.
खेकडा गेला, तारली गेली,
लाल काही जाता जाईना,
कपाळाच्या लाकडात थोडा मुरून राहिला
उन्हाने भाजल्यासारखा.
तो ठेवला.

पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर गेलो.
रापण येत होती.
सगळे मासळीकडे बघत होते,
मी रुमाजी केळूसकराच्या तोंडाकडे.
दोर ताणला की माणूस डोळे मिटतो
आणि तोंड उघडतो.
मला हे माहीत नव्हतं.
मी पाहिलेली सगळी तोंडं प्लास्टरची,
कधी काही न ओढलेली.

मग पाठीवर फक्त मीठ दिलं,
वाळत आलेलं, राखाडी.
दोर फळीच्या काठापर्यंत नेला
आणि तिथेच सोडला. पुढे समुद्र केला नाही.
शेवटी तिळाएवढ्या तोंडात
श्वास धरून पाच दात.
शेड ए-साडेतीन, खालच्या काठाला तंबाखू.
सहाव्याची जागा काळी.
रुमाजीलाही तो नाही.
एकदा म्हटलं होतं, बसवून देतो, पैसे नकोत.
"कित्याक?" म्हणाला,
"हयसून शीळ बरी वाजता."

सावंतवाडीच्या सभागृहात
पहिला आला दशावतारातला संकासुर,
जिभेला सोन्याचा वर्ख.
खरंच देखणा होता, खोटं कशाला बोलू.
परीक्षकांचं भिंग माझ्या माणसावर थांबलं,
पोस्टातला शिक्का तिकिटावर थांबतो तेवढं.

दुपारी गर्दी जेवायला गेली.
एक मुलगी आली, टेबलाएवढीच उंच,
म्हणजे डोळे नेमके त्याच्या तोंडासमोर.
"आये, बघ, ह्येका एक दात नाय!"
आणि तिची जीभ आपोआप
स्वतःच्या खिंडीत गेली.
मग तिने दोर धरून नजर नेली,
फळीच्या काठापर्यंत,
काठावरून खाली,
टेबलाखाली वाकून पाहिलं.
तिथे बावतीस पाय मोकळे करून बसला होता,
त्याच्या चपला होत्या.
ती जरा नाराज झाली.

सोमवारी दोन दाढा आणि एक सुळा.
सुळा असा केला की
त्याच्या बायकोलाही कळणार नाही.
फक्त आतल्या बाजूला,
जिथे जीभच पोचते,
एक ठिपका लाल.